कंदिलाशिवायची फ्लॉरेन्स

पाचवीत असताना स्नेहसंमेलनातल्या वेशभूषा स्पर्धेत मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल झाले होते. डोक्याला आईची पांढरी ओढणी आणि हातात शेजारच्या काकूंचा कंदील. बक्षीस तर मिळालं नाहीच, वर कंदिलाची काच फुटली. पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झाले आणि फ्लॉरेन्सला विसरून गेले.

तीन वर्षांपूर्वी बाबा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी ते मला दिवा मालवून झोपायला सांगत. बाहेरच्या बाकावर बसून मी रुग्णालयांच्या इमारतींबद्दल वाचू लागले आणि फ्लॉरेन्स पुन्हा भेटली.

१८२० साली श्रीमंत इंग्रज घरात जन्मलेल्या या मुलीला गणिताची ओढ होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह ती तुर्कस्तानात, स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. क्रिमियाच्या युद्धातले सैनिक तिथे जखमांपेक्षा साथीच्या रोगांनीच जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरातले सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारी पथक आलं. त्याने तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण २ च्या आसपास आलं. शुश्रूषा आधीही चालूच होती, पण मोठा फरक पडला तो इमारत सुधारल्यावर.

मायदेशी परतल्यावर तिने हे आकडे रंगीत चक्राकार आकृत्यांत मांडले. १८५८ मध्ये ती इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेची पहिली स्त्री सदस्य झाली. तेव्हा नेटली इथे मोठं लष्करी रुग्णालय उभं राहत होतं. त्यात समुद्राकडची बाजू लांबलचक व्हरांड्याला दिली होती आणि रुग्णांचे कक्ष मागे होते. तिने थेट पंतप्रधानांना गाठलं आणि त्यांना पटवलंही. पण पायाभरणी झालेली होती, खर्च वाढला असता. मूळ आराखडा कायम राहिला.

१८५९ मध्ये तिने रुग्णालयांवर पुस्तक लिहिलं. सुमारे तीस खाटांचा लांबट कक्ष, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या आणि सगळ्या खाटा परिचारिकेच्या नजरेच्या टप्प्यात, अशी तिची मांडणी होती. लंडनचं सेंट थॉमस रुग्णालय १८७१ मध्ये याच पद्धतीने उभं राहिलं. रोग दूषित हवेतून पसरतात ही तिची समजूत पुढे मागे पडली, खिडक्यांचं महत्त्व मात्र टिकलं. स्वतः आजारी असल्याने तिने वर्षानुवर्षं आपल्या खोलीतूनच काम केलं. १९१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

बाबा घरी आले. त्यांची खाट आम्ही खिडकीशी लावली. चार-पाच दिवसांत त्यांना सकाळ-संध्याकाळ कळू लागली.

आता आपल्या शाळेचं. नव्या इमारतीचा नकाशा समितीने आपल्याला पाठवला आहे. तळमजल्यावरच्या चार वर्गांना खिडक्या फक्त व्हरांड्याच्या बाजूला आहेत, मागची भिंत बंद आहे. वर्गणी मी देणारच आहे. पण कोनशिला अजून बसायची आहे, तेव्हा संमेलनाच्या दिवशी हा प्रश्न मी विचारणार आहे. तुम्हीही नकाशा उघडून पाहा आणि माझ्याबरोबर विचारा.