संत नामदेव

संत नामदेव (पारंपरिक जन्म: कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, म्हणजेच २६ ऑक्टोबर १२७०, समाधी: आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हणजेच ३ जुलै १३५०) हे वारकरी संप्रदायातील थोर संतकवी व कीर्तनकार होते. त्यांनी मराठीत अभंगरचना केली आणि उत्तर भारतातील लोकभाषेत पदे रचली. महाराष्ट्रातील भक्तिविचार पंजाबपर्यंत नेणारे प्रचारक म्हणून भारतीय भक्तिपरंपरेत त्यांना विशेष स्थान आहे. शीख धर्माच्या गुरू ग्रंथसाहिबमध्ये त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. वारकरी परंपरेत ते आद्य कीर्तनकार मानले जातात.

जन्मस्थान आणि घराणे

नामदेवांचा जन्म शिंपी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामाशेटी व आईचे नाव गोणाई. घराण्याचे मूळ गाव नरसी हे कयाधू नदीच्या काठी असून ते आता ‘नरसी नामदेव’ या नावाने ओळखले जाते. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. नामदेवांचा जन्म नरसी येथे झाला की कुटुंब पंढरपुरास स्थायिक झाल्यानंतर तेथे झाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बालपण मात्र पंढरपुरात, विठ्ठलमंदिराच्या सान्निध्यात गेले, याबद्दल दुमत नाही.

वडिलांनी सांगितल्यावरून बाल नामदेव नैवेद्य घेऊन मंदिरात गेले आणि देव जेवत नाही हे पाहून हट्टाला पेटले, ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. अखेर विठ्ठलाने तो नैवेद्य ग्रहण केला, असे कथेत म्हटले आहे. नामदेवांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने ही कथा अर्थपूर्ण आहे. त्यांची प्रारंभीची भक्ती पंढरपूर, तेथील मंदिर आणि विटेवरील मूर्ती यांच्याशी अतूटपणे जोडलेली होती. पंढरपूर सोडून दूर जाणे ही कल्पनाही त्यांना असह्य होती.

संसार

नामदेवांचा विवाह राजाई यांच्याशी झाला. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या, असा त्यांचा परिवार होता. आऊबाई ही त्यांची बहीण. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच या घरी आली आणि दामाशेटींच्या कुटुंबात वाढली. पुढे ती स्वतः श्रेष्ठ संतकवयित्री झाली. या कुटुंबातील बहुतेक सर्वांच्या नावावर अभंग आढळतात.

नामदेवांचे चित्त शिवणकामात व व्यापारात रमत नसे. मुलगा घराकडे पाहत नाही ही गोणाईची तक्रार आणि घरात दाणा नाही ही राजाईची व्यथा या परिवाराच्या अभंगांतून स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. संतचरित्रांत कुटुंबीयांचे असे बोल सहसा जतन होत नाहीत. नामदेवांच्या बाबतीत ते झाले, आणि त्यामुळे त्यांच्या भक्तीची किंमत घरातील स्त्रियांनाही मोजावी लागली हे वाचकाला कळते.

गुरूचा शोध

इ.स. १२९१ च्या सुमारास नामदेवांची निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई या भावंडांशी भेट झाली, असे मानले जाते. त्या वेळी नामदेव सुमारे एकवीस वर्षांचे होते. या काळातील एक प्रसिद्ध कथा तेर येथील संत गोरा कुंभार यांच्या घरची आहे. जमलेल्या संतांची मडकी पक्की की कच्ची, हे गोरोबाकाकांनी थापटण्याने तपासावे, अशी सूचना मुक्ताबाईने केली. इतरांनी थापटणे शांतपणे सोसले; नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. गुरूवाचून भक्ती अपुरी राहते, असा या कथेचा आशय आहे.

अपमानित झालेले नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथ येथे गेले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे हे स्थान आज हिंगोली जिल्ह्यातच आहे. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. नामदेवांनी त्यांना पाय बाजूला घेण्यास सांगितले, तेव्हा जेथे देव नाही अशा जागी आपले पाय ठेवावेत, असे विसोबांनी सुचवले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत, तेथे लिंग प्रकट होई, अशी आख्यायिका आहे. ईश्वर सर्वव्यापी आहे, तो एका मूर्तीत किंवा एका गावात मर्यादित नाही, हा बोध नामदेवांना येथे झाला आणि त्यांनी विसोबांचे शिष्यत्व पत्करले. पंढरपुराबाहेर पाऊल टाकण्यासाठी लागणारी मनाची तयारी या उपदेशाने झाली, असे म्हणता येते.

ज्ञानदेवांसोबतची तीर्थयात्रा

ज्ञानदेवांनी नामदेवांना तीर्थयात्रेसाठी सोबत येण्याची विनंती केली. पंढरीहून निघताना नामदेवांना झालेले दुःख आणि विठ्ठलाने त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवल्याचा प्रसंग ‘तीर्थावळी’ या अभंगप्रकरणात आला आहे. तरुण नामदेवांनी उत्तरेकडील प्रदेश प्रथम पाहिला तो या यात्रेत. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली असता ज्ञानदेवांनी योगसामर्थ्याने विहिरीच्या तळाशी जाऊन पाणी प्याले, तर नामदेवांच्या आर्त हाकेने विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, अशी कथा प्रचलित आहे. योगमार्ग एकट्याची तहान भागवतो, भक्तिमार्ग वाटसरूंचीही भागवतो, असा तिचा अर्थ वारकरी कीर्तनकार लावतात.

इ.स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्या प्रसंगी नामदेव उपस्थित होते. ‘आदी’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या अभंगप्रकरणांत त्यांनी ज्ञानदेवांचे चरित्र गायिले. मराठीतील चरित्रात्मक काव्याचा हा आरंभीचा नमुना मानला जातो. थोड्याच काळात इतर भावंडेही निवर्तली, आणि सोबत्यांच्या मेळ्यात वाढलेल्या नामदेवांवर संप्रदाय सांभाळण्याची जबाबदारी आली.

पंजाबकडे प्रस्थान

नामदेवांच्या आयुष्यात महाराष्ट्राचे राजकीय चित्र पालटले. तेराव्या शतकाच्या अखेरीस अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे यादवांचे राज्य संपुष्टात आले आणि १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलवली. या धामधुमीच्या काळात नामदेव कीर्तनाच्या द्वारे लोकांना धीर देत राहिले. मंगळवेढे येथे कुसू कोसळून चोखामेळ्याचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधण्याचे कार्य नामदेवांनी केले, असे परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणी मंदिरात प्रवेश मिळाला नाही, त्याला देवाच्या दारात कायमची जागा मिळवून देणारी ही कृती होती.

उत्तरायुष्यात नामदेव पुन्हा उत्तरेकडे निघाले. या वेळी ते यात्रेकरू म्हणून नव्हे, तर तेथे राहून कार्य करण्यासाठी गेले. गुजरात, राजस्थान या मार्गाने ते पंजाबात पोहोचले आणि आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे स्थिरावले, असे मानले जाते. पंढरपूर ते घुमान हे अंतर सरळ रेषेतही सुमारे दीड हजार किलोमीटर भरते. परंपरेनुसार पंजाबातील त्यांचे वास्तव्य सुमारे वीस वर्षांचे होते. घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळेच वसले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. बहोरदास, जल्लो, लद्धा व केशो ही त्यांच्या तेथील शिष्यांची नावे परंपरेने जपली आहेत.

परमुलखात कार्य करताना त्यांच्यासमोर दोन प्रश्न होते. पहिला भाषेचा. अभंग मराठीत होते आणि श्रोते मराठी जाणत नव्हते. नामदेवांनी श्रोत्यांची बोली आत्मसात करून त्यांच्याच भाषेत पदे रचली. दुसरा प्रश्न उपास्याचा होता. विठ्ठलाची मूर्ती पंजाबात नव्हती आणि पंढरीची वारी तेथील लोकांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे मूर्ती व क्षेत्र यांपेक्षा नामस्मरणावर आणि सर्वत्र भरलेल्या निर्गुण ईश्वरावर त्यांनी भर दिला. औंढ्यात मिळालेला बोध येथे आचरणात उतरलेला दिसतो.

हिंदी पदांचे स्वरूप

नामदेवांच्या मराठी गाथेत सुमारे अडीच हजार अभंग आढळतात. त्यांपैकी काही विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे असावेत, असे संशोधकांचे मत आहे. हिंदी पदांची संख्या सव्वाशेच्या आसपास मानली जाते. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये संपादित केलेल्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे १८ रागांत विभागून दिली आहेत. या पदांच्या भाषेत मराठी शब्द आणि प्रत्यय मिसळलेले आहेत, आणि विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ या रूपात येते.

पदांतील प्रतिमा श्रमिकांच्या रोजच्या जीवनातील आहेत. शिंप्याचा गज, कातर, सुई आणि दोरा यांच्या आधारे त्यांनी मनाची साधना समजावून सांगितली. पतंग उडवणारे मूल सोबत्यांशी बोलत असतानाही त्याचे लक्ष दोरीवर असते. पाळण्यातील बाळाची आई घरकामात गुंतली तरी तिचे चित्त बाळापाशी असते. कामधंदा न सोडता ईश्वराचे स्मरण कसे ठेवावे, हे त्यांनी अशा दृष्टान्तांनी दाखवले. शिवणकामापासून मन उडालेला तरुण आणि त्याच व्यवसायातून उपदेशाची भाषा घडवणारा प्रौढ संत यांतील अंतर लक्षणीय आहे.

जातीमुळे वाट्याला आलेला अपमानही या पदांत नोंदला गेला आहे. कीर्तन करीत असताना आपल्याला हीन जातीचा म्हणून मंदिरातून उठवले गेले आणि मागील बाजूस जाऊन भजन करू लागताच देवालय आपल्याकडे वळले, असे एका पदात सांगितले आहे. महाराष्ट्रात हीच कथा औंढा नागनाथ मंदिराशी जोडली जाते. सुलतानाने मृत गाय जिवंत करून दाखवण्याची आज्ञा दिल्याचा प्रसंग दुसऱ्या एका पदात विस्ताराने आला आहे.

समाधी

वारकरी परंपरेनुसार नामदेव अखेरीस पंढरपुरास परतले आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी त्यांनी परिवारासह समाधी घेतली. भक्तांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, या इच्छेने त्यांनी पायरीची जागा निवडली. ती ‘नामदेव पायरी’ म्हणून प्रसिद्ध असून वारकरी तिच्यावर पाय न देता तिला वंदन करून मंदिरात जातात. पंजाबातील परंपरेनुसार मात्र त्यांचे देहावसान घुमान येथेच झाले.

पंजाबातील नामदेव आणि महाराष्ट्रातील नामदेव एकच की भिन्न, असा प्रश्नही काही संशोधकांनी उपस्थित केला आहे. पदांतील विठ्ठलाचा उल्लेख, मराठी भाषेच्या खुणा आणि दोन्हीकडे समान असलेल्या आख्यायिका यांच्या आधारे दोघे एकच असल्याचे मत बहुतेक मराठी अभ्यासक मांडतात.

वारसा

संत कबीर व संत रविदास यांनी आपल्या रचनांत नामदेवांचा आदराने उल्लेख केला आहे. नाभादासांची ‘भक्तमाल’ आणि महिपतींचा ‘भक्तिविजय’ (१७६२) या ग्रंथांत त्यांचे चरित्र आले आहे. घुमान येथील स्मारकाचे बांधकाम अठराव्या शतकात शीख सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी केल्याचे सांगितले जाते. तेथे माघ महिन्यात मेळा भरतो. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे झाले.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी येथे नामदेवांचे मंदिर आहे. आषाढी एकादशीनंतर येणाऱ्या आषाढ वद्य एकादशीला तेथे ‘परतवारी’ भरते आणि पंढरपूरची वारी करून आलेले भाविक दर्शनासाठी गर्दी करतात. नांदेडच्या हुजूर साहिब येथे येणारे शीख यात्रेकरूही नरसीला भेट देतात. वारकऱ्यांचे नामदेव महाराज आणि शिखांचे भगत नामदेवजी अशा दोन रूपांत पूजले जाणारे एकच व्यक्तिमत्त्व या गावात दोन्ही परंपरांना एकत्र आणते.