वाचकाचा रोष पत्करणारा संपादक

एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी आली की वृत्तपत्रांना, आणि अलीकडे दूरचित्रवाहिन्यांना, नीतीचे भरते येते. सरकारला जाब विचारला जातो, पोलिसांना धारेवर धरले जाते, आणि न्यायालयाच्या आधीच निकालही जाहीर होतो. या साऱ्या गदारोळात एक पक्ष मात्र हमखास निर्दोष सुटतो. तो म्हणजे खुद्द वाचक. ज्या घरात, ज्या जातीत, ज्या रूढीत तो गुन्हा रुजला आणि पोसला गेला, तिला बोल लावण्याची वेळ आली की अग्रलेखाची धार एकाएकी बोथट होते. हे दुखणे आजचे नाही. ते किती जुने आहे आणि त्यावरचा उपाय किती महाग आहे, हे गोपाळ गणेश आगरकरांच्या अवघ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यावरून कळते.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरचे दारिद्र्य इतके की शिक्षणाची वाट प्रत्येक टप्प्यावर अडत होती. कचेरीतील कारकुनी, दवाखान्यातील कंपाउंडरी असे मिळेल ते काम करीत आणि नातलगांच्या आश्रयाने राहत त्यांनी १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते एम. ए. झाले. त्या काळी ही पदवी म्हणजे सरकारी नोकरीची आणि भरघोस पगाराची हमी होती. मुलगा शिकला, आता दिवस पालटतील, अशी आशा धरून बसलेल्या आईला त्यांनी आधीच कळवून टाकले की, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी लावण्याचा आपला निश्चय आहे. डेक्कन कॉलेजातच त्यांची टिळकांशी मैत्री जमली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर दाखल झाले. आणि ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला तेव्हा संपादकपदी तेच होते.

तुरुंग आणि सत्कार

वर्षभरातच कसोटीचा प्रसंग आला. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी बोलवा होती. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. परंतु ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी तेथे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर सिद्ध केले. ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी लोक जमले आणि दोघांचे सत्कार झाले. या खटल्यात जामिनाची व्यवस्था करण्यासाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली होती, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण याच फुल्यांची 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्र्यांनी यथेच्छ टवाळी केली होती. ज्यांची थट्टा करून वाचकांना रिझवले, तेच संकटकाळी धावून आले. वृत्तपत्रे कोणाला थोर ठरवतात आणि कोणाला हास्यास्पद, यावर सत्य काय हे ठरत नाही, याचा हा धडाच होता.

रूढीशी गाठ

राजसत्तेशी झगडताना वाचक पाठीशी होते. आगरकर वाचकांच्या घरात डोकावू लागले तेव्हा चित्र पालटले. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे, जातिभेद, स्त्रीशिक्षण हे त्यांच्या लेखणीचे विषय झाले. सहकाऱ्यांना हे रुचेना. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद तत्त्वाचा होताच. पण पत्राचा ग्राहकवर्ग दुखावण्याचा व्यावहारिक प्रश्नही त्यात होता. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला. वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांनी 'सुधारक' सुरू केला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हा उद्योग विलक्षण होता. कोणताही व्यापारी गिऱ्हाइकाला दुकानात बोलावून त्याचे दोष सांगत नाही. आगरकर आठवड्यामागून आठवडे नेमके तेच करीत होते. इंग्रजी राज्याने देशाला आणलेल्या दारिद्र्यावरही त्यांनी कठोरपणे लिहिले. परंतु परकी सत्तेवर टीका केली म्हणून आपल्या घरातील अन्यायाचा हिशेब चुकता होतो, हे त्यांना कधीच मान्य झाले नाही.

या भूमिकेची खरी कसोटी संमतिवयाच्या वादात लागली. १८९० साली कलकत्त्यात एक खटला गाजला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली होती. त्या वेळच्या दंडविधानात पत्नीच्या बाबतीत संमतीची मर्यादा दहा वर्षांची असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही; त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले गेले आणि देशी वृत्तपत्रांत रणधुमाळी माजली. कलकत्त्याच्या 'बंगवासी'ने इतका प्रखर विरोध केला की त्यावर राजद्रोहाचा खटला झाला. पुण्यात 'केसरी' विरोधात उभा राहिला. परकी सरकारला आमच्या धर्मव्यवहारात हात घालण्याचा अधिकार नाही, हा टिळकांचा आक्षेप पोकळ नव्हता. विवाहाची वये सुधारकांनी स्वतःहून वाढवावीत, अशी सूचनाही त्यांनी केली होती.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. रकानेच्या रकाने भरले. शास्त्राधार, राजाचे अधिकार, धर्माची हानी यांची चर्चा झाली. पण मेलेली मुलगी त्या चर्चेतून हळूहळू नाहीशी झाली. गुन्हा मागे पडला आणि समाजाचा अभिमान पुढे आला. आगरकरांनी मुलीच्या जीवाचा प्रश्न अखेरपर्यंत मध्यभागी ठेवला. समाज समजुतीने सुधारत नसेल तर कायदा हवा, मग तो कोणीही करो, अशी त्यांची भूमिका होती. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला.

या साऱ्या लेखनाची किंमत त्यांना मोजावी लागली. ज्या पुणे शहराने तुरुंगातून सुटलेल्या संपादकांना डोक्यावर घेतले, त्याच शहराने आगरकरांची त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली. ती त्यांना पाहावी लागली. लेखणी मात्र थांबली नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी त्यांचा अंत झाला. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मतभेद विकोपाला गेलेल्या टिळकांनीही 'केसरी'त त्यांच्यावर गहिवरून मृत्युलेख लिहिला.

हिशेब कोणाचा?

आजच्या वृत्तव्यवसायाची दुखणी उघड आहेत. अत्याचारपीडित स्त्रीची ओळख छापू नये एवढी साधी माणुसकीदेखील संपादकांच्या विवेकावर सोपवता आली नाही. त्यासाठी १९८३ साली दंडविधानात तरतूद करावी लागली. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला त्यांची चौकशी करावी लागली. या सगळ्याचा दोष मालकांना, जाहिरातदारांना आणि राज्यकर्त्यांना देणे सोपे आहे, आणि पुष्कळ अंशी रास्तही आहे. परंतु विकत घेणारा असल्याखेरीज कोणताही माल बाजारात टिकत नाही.

दुसऱ्या जातीतील गुन्ह्याची बातमी चवीने वाचणारा आणि आपल्या जातीतील गुन्ह्याची बातमी छापणाऱ्या पत्राचे बिल थकवणारा वाचक हाच या दांभिकतेचा खरा भांडवलदार आहे. राजाशी भांडणारे संपादक या देशाला पुष्कळ लाभले, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. आपल्याच वर्गणीदारांशी भांडणारे मात्र विरळा. आगरकरांचे पुतळे उभारणे, त्यांच्या नावाने पुरस्कार देणे हे आता सुरक्षित झाले आहे. त्यांचा वारसा खरोखर हवा असेल, तर आपल्याला दुखावणारे पत्र दुसऱ्या दिवशीही विकत घेण्याची तयारी वाचकाने दाखवली पाहिजे.