ध्यास धम्मभूमीचा : धर्मानंद कोसंबी

आंबोलीच्या कड्यावरचे धुके हटले, की खाली सावंतवाडीचा मुलूख दिसतो. त्याच्या दक्षिणेला गोवा. त्या गोव्यातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. म्हणजे पाली धम्मग्रंथांचा हा थोर पंडित आपल्या शेजारचाच. आपल्या घरी त्यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक असेल, नावही ऐकलेले असेल. पण धम्माचा देश प्रथम पाहण्यासाठी हा माणूस कसा झुरला, हे पुष्कळांना माहीत नसते. आज लुंबिनीला किंवा श्रीलंकेला जाण्यासाठी पै-पै साठविणाऱ्या उपासक-उपासिकांनी ते समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

घराणे सारस्वत ब्राह्मणाचे, पण घरात श्रीमंती नव्हती. शिक्षण मराठी शाळेपुरतेच झाले. प्रकृती नाजूक. माडांच्या बागांची देखरेख करावी आणि मिळेल ते पुस्तक वाचावे, असा क्रम. लहानपणीच, १८९१ साली, लग्नही झाले. तुकोबांची गाथा त्यांनी मनापासून वाचली होती. अशा स्थितीत १८९७ च्या सुमारास 'बालबोध' मासिकातील भगवान बुद्धांवरील लेख त्यांच्या वाचनात आला आणि मनाला एकच छंद लागला. बुद्धांचा धम्म मुळापासून शिकायचा. पण शिकायचा कोठे? गोव्यात विहार नाही, भिक्खू नाही, पाली जाणणारा गुरू नाही. ज्या भूमीत तथागतांनी पंचेचाळीस वर्षे धम्म सांगितला, त्या भूमीतच तो शिकविणारा मिळू नये! तेव्हापासून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश ही नावे त्यांना खुणावू लागली.

एकदोनदा घरातून निघून ते परतही आले. अखेर १८९९ च्या शेवटी, पहिली मुलगी माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. येथे थोडे थांबले पाहिजे. चरित्रलेखक या प्रसंगाला महाभिनिष्क्रमण म्हणून मोकळे होतात. पण मागे राहिलेल्या बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार आपल्या भगिनी केल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तो करावाच.

पुण्यास ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. तेथून मजल दरमजल करीत काशीला पोचले. पाली शिकायची तर आधी संस्कृत हवे, म्हणून अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. थंडीत पांघरायला पुरेसे नाही, खिशात पैसा नाही; पण ध्यास सुटला नाही.

१९०२ च्या आरंभी त्यांनी नेपाळची वाट धरली. हा त्यांचा पहिला परदेश. तथागतांच्या जन्मभूमीचा देश. तेथे तरी शुद्ध धम्म नांदत असेल, ही केवढी आशा! काठमांडूला पोचल्यावर मात्र त्यांची घोर निराशा झाली. स्तूप होते, पण धम्म शिकविणारा कोणी आढळेना. विहारांत भिक्खूसंघाऐवजी वंशपरंपरेने पूजाअर्चा करणारे संसारी पुरोहित होते. जातीभेदही तेथे होता. वर्षानुवर्षे मनात जपलेला देश आणि डोळ्यांसमोरचा देश यांचा मेळ बसेना.

दुसरा कोणी असता तर धम्मालाच नावे ठेवून घरी परतला असता. धर्मानंदांनी दोष आपल्या अपुऱ्या माहितीला दिला. ते बुद्धगयेला आले. तेथे त्यांना सिंहलद्वीपी जाण्याचा सल्ला मिळाला. कलकत्त्यास अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली स्थापन केलेली महाबोधी सभा होती. तिच्या मंडळींचा आधार झाला आणि ते मद्रासमार्गे सिंहलद्वीपाकडे निघाले.

कोलंबोचा विद्योदय परिवेण १८७३ साली स्थापन झालेला. त्याचे प्रमुख हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर पालीचे आणि संस्कृतचेही मोठे पंडित. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी प्रव्रज्या घेतली, चीवर अंगावर आले. काशीतील संस्कृत येथे उपयोगी पडले. तरी हेही सुखासुखी झाले नाही. सिंहली लिपी नव्याने गिरवावी लागली, कारण ग्रंथ पाली, पण अक्षरे सिंहली. तिकडचा आहार मानवेना. पुढे ब्रह्मदेशात गेले, तेव्हा पुन्हा ब्रह्मी लोकांची लिपी! आज आपण देवनागरीत त्रिशरण-पंचशील म्हणतो, तेव्हा पाली मराठी माणसापर्यंत आणण्यासाठी कोणी किती अक्षरे गिरविली हे ध्यानात येत नाही. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' त्यांनी पुढे, १९४० साली, देवनागरीत छापून दिला.

बाबासाहेबही १९५० साली श्रीलंकेला गेले, ते तेथे धम्म आचरणात किती उतरला आहे हे पाहण्यासाठीच. बौद्ध देशाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची दृष्टी दोघांचीही होती.

१९०६ साली धर्मानंद परतले. चीवर उतरवून त्यांनी पुन्हा संसार स्वीकारला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य केले, अट अशी की महाराष्ट्रात राहून वर्षाला एक पुस्तक लिहावे. मराठीत धम्मग्रंथ आले ते या अटीमुळेही. फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली, अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. मुंबईत परळला कामगारवस्तीत १९३७ साली त्यांनी बहुजन विहार उभारला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचा देहान्त झाला.

१९१८ साली ते दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले, तेव्हा माणिक आणि तिचा धाकटा भाऊ दामोदर त्यांच्याबरोबर होते. घर सोडताना जी पाळण्यात होती, ती मुलगी अमेरिकेत शिकून पदवीधर झाली. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या.