झाक मोनो: बॅक्टेरियाचा स्विच शोधणारा

मालवणात थाळीवर बसलात की आधी तळलेल्या सुरमईवर हात मारता आणि मग सोलकढी-भाताकडे वळता ना? बॅक्टेरियाही तसंच करतात. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं, तर 'ई. कोलाय' आधी ग्लुकोज फस्त करतो, थोडा थांबतो, मग लॅक्टोजकडे वळतो. हा मधला थांबा कशासाठी? या एका प्रश्नाने झाक मोनोला वर्षानुवर्षं पकडून ठेवलं.

मोनोचा जन्म 1910 मध्ये पॅरिसला झाला, पण तो वाढला समुद्रकिनारी. फिल्म फेस्टिव्हलवाल्या कान शहरात. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला. तरी गडी डोंगर चढायचा, शिडाची होडी चालवायचा, चेलो वाजवायचा! 1936 मध्ये ग्रीनलंडची बोटसफर सोडून तो शिकायला अमेरिकेला गेला. ती बोट आइसलंडजवळ फुटली. फक्त एक जण वाचला.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. तेव्हा मोनो एकीकडे संशोधन करत होता आणि दुसरीकडे भूमिगत लढ्यात होता. युद्धानंतर तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला.

तिथे 1961 मध्ये फ्रान्स्वा झाकोबसोबत त्याने उत्तर मांडलं. जीनला स्विच असतो. लॅक्टोज नसेल तेव्हा एक रेणू डीएनएवर बसतो आणि जीनची कॉपी, म्हणजे आरएनए, निघू देत नाही. लॅक्टोज आलं की तो बाजूला होतो आणि ते पचवणारी प्रोटीन्स बनू लागतात. त्यालाच वेळ लागतो.

हा अडवणारा रेणू बहुधा आरएनएच असावा, असा दोघांचा अंदाज होता. 1965 मध्ये आंद्रे ल्वॉफसह दोघांना नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी कळलं, तो रेणू प्रोटीन आहे. अंदाज साफ चुकला!

पण गंमत पुढे आहे. 1970 च्या दशकात चार्ल्स यानोफ्स्कीच्या प्रयोगांतून दिसलं, की ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर ते बनवणाऱ्या जीन्सची कॉपी निघतानाच आरएनएच्या सुरुवातीच्या भागाला घडी पडते आणि पुढची कॉपी तिथेच थांबते. म्हणजे आरएनए स्वतःलाच ब्रेक लावतो. मोनोने कल्पिलेली रीत वेगळी होती, पण आरएनए नुसता निरोप्या नाही, हे खरं ठरलं.

1976 मध्ये मोनो कानमध्येच गेला. तुम्ही व्हायव्हाला चुकायच्या भीतीने गप्प बसत असाल, तर त्याला आठवा. तपासता येईल असा अंदाज बिनधास्त मांडा. तो चुकला, तरी पुढच्याला वाट सापडते.