राजाचा माळी : आंद्रे ल नोत्र

दिवाळीच्या पहाटे अंगणांत सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आयाबहिणींना आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. प्रथम समान अंतरावर ठिपके मांडावयाचे, मग ते जोडावयाचे आणि शेवटीं आंत रंग भरावयाचे. हीच कृति शेंकडों हात लांबरुंद जमिनीवर, आणि तीहि पिठाऐवजीं जिवंत गवतानें व झुडपांनीं करावयाची म्हटली तर कशी करावी? या प्रश्नाचें उत्तर देण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, आणि तें देतां देतां ज्यानें त्याच नक्षीची थट्टाहि केली, अशा एका फ्रेंच माळ्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आंद्रे ल नोत्र याचा जन्म १२ मार्च १६१३ रोजीं पॅरिस येथें झाला. घराणें माळ्यांचें. आजा पियेर हा त्विलरी राजवाड्याच्या बागेंत कामास होता. बाप जां हाहि तेथेंच चाकरीस लागला. आंद्रेच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याची धर्ममाता झालेली बाई क्लोद मोले या राजमाळ्याची पत्नी होती. मोले हा सामान्य माळी नव्हे. बॉक्स नांवाचें एक झुडूप युरोपांत होतें. आपल्याकडे बंगल्याभोंवतीं मेंदीचें कुंपण कातरून हव्या त्या उंचीवर ठेवतात, तसें तें ठेवतां येतें. तें झुडूप घेऊन जमिनीवर भरतकामासारखी वेलबुट्टी उठविण्याची पद्धति फ्रान्समध्यें रुजविण्यांत मोले याचा मोठा वांटा होता. तेव्हां नक्षीची बाळघुटी आंद्रेस पाळण्यांतच मिळाली असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु बापानें मुलाच्या हातीं एकदम कुदळ दिली नाहीं. त्यानें त्यास सिमों व्हुए या नामांकित चित्रकाराच्या चित्रशाळेंत धाडलें. तेथें तो रेखाटन शिकला, छायाप्रकाश शिकला, आणि दूरची वस्तु लहान कां दिसते व किती लहान दिसते, याचें शास्त्र शिकला. शार्ल ल ब्रं हा पुढें राजचित्रकार झालेला तरुण त्यास तेथेंच भेटला. हीं चित्रशाळेंतील वर्षें आम्हांस फार महत्त्वाचीं वाटतात. माळ्याच्या मुलास चित्रकारापाशीं धाडून काय मिळवावयाचें, असें त्या वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. आजहि कित्येक पालकांस तसेंच वाटेल.

१६३५ सालीं राजबंधु गास्तों याच्या बागेचा तो मुख्य माळी झाला. १६३७ सालीं बापाची त्विलरींतील जागा त्यास मिळाली, आणि १६४३ सालीं राजाच्या सर्व बागांतील ताटव्यांचे नमुने काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. मध्यंतरीं १६४० सालीं फ्रांस्वाझ लांग्ल्वा हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यांस तीन अपत्यें झालीं; एकहि जगलें नाहीं.

ही नक्षी जमिनीवर कशी उतरे, तें जरा विस्तारानें सांगतों. प्रथम कागदावर आराखडा काढून त्यावर समान चौकड्या आंखीत. मग जमीन समपातळींत आणून तिच्यावर दोरी व खुंट्या यांच्या साह्यानें तितक्याच चौकड्या, पण मोठ्या प्रमाणावर, पाडीत. कागदावरील रेषा ज्या चौकडींतून ज्या वळणानें जाईल, त्याच चौकडींतून त्याच वळणानें ती जमिनीवर ओढावयाची. वर्तुळ हवें असल्यास मधोमध खुंटी ठोकून तिला दोरी बांधावयाची आणि दोरीच्या दुसऱ्या टोंकास टोंकदार काठी धरून फिरावयाचें. म्हणजे विद्यार्थ्यांच्या पेटींतील कंपासच, केवळ आकारानें मोठा. येथवर सर्व रांगोळीप्रमाणेंच.

रेषा पडल्यावर दोन मार्ग असत. पहिला बॉक्सच्या झुडपांचा : रेषेवर रोपें दाट लावून तीं वीतभर उंचीवर कातरीत, आणि मधल्या रिकाम्या जागेंत पिंवळी रेती, विटांची भुकटी किंवा काळ्या रंगासाठीं कोळशाची पूड पसरीत. दुसरा मार्ग केवळ हिरवळीचा. चांगल्या कुरणांतून मुळ्यामातीसकट गवताचे चौकोनी तुकडे कापून आणीत, ते फरशीसारखे शेजारीं शेजारीं बसवून वरून रूळ फिरवीत, आणि मूळ धरल्यावर धारदार हत्यारानें नक्षीबरहुकूम तें गवत कापून काढीत. कापलेल्या जागीं रेती भरली कीं गवताचींच पानें, वेटोळीं आणि कमानी उठून दिसत. इंग्लंडच्या दमट हवेंत हिरवळ उत्तम होते म्हणून फ्रेंच लोक या प्रकारास इंग्रजी तऱ्हा म्हणत. गवत कापण्याचें यंत्र तेव्हां नव्हतें. तें इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं काढलें. तोंपर्यंत पहाटेचें दंव गवतावर असतांनाच लांब दांड्याचे विळे घेऊन माणसें रांगेनें कापीत जात, आणि कडा हातानें सारख्या करीत. रांगोळी वाऱ्यानें विस्कटते. ही नक्षी स्वतःच्या वाढीनेंच विस्कटते. दोन आठवडे माळी आला नाहीं तर पान कोठें आणि रेती कोठें, हें ओळखूं येत नाहीं.

ल नोत्र याचें नांव देशभर गाजलें तें वो-ल-विकोंत येथील बागेमुळें. राज्याचा खजिना सांभाळणारा निकोला फुके हा अतिशय श्रीमंत व रसिक गृहस्थ. त्यानें वाड्याच्या बांधणीसाठीं लुई ल व्हो, चित्रांसाठीं ल ब्रं आणि बागेसाठीं ल नोत्र अशी त्रयी जमविली. १६५६ ते १६६१ या काळांत हें काम झालें. वाड्यालगत झुडपांचें भरतकाम, त्यापुढें हिरवळ, त्यापुढें जलाशय. येथें चित्रशाळेंतील विद्या उपयोगी पडली. दूरची वस्तु लहान दिसते, तर ती मुळांतच मोठी करावी, हा त्याचा हिशोब. त्यामुळें वाड्याच्या पायऱ्यांवरून सारी बाग जवळ व आटोपशीर भासते; चालूं लागल्यावर ती लांबत जाते, आणि वरून मुळींच न दिसलेला सुमारें एक किलोमीटर लांबीचा कालवा अवचित आडवा येतो.

१७ ऑगस्ट १६६१ रोजीं फुके यानें तरुण राजा चौदावा लुई यास या बागेंत मेजवानी दिली. मोलिएरचें नवें नाटक झालें, दारूकाम झालें. राजाच्या मनांत फुकेविषयीं संशय आधींपासून होताच. त्या रात्रीच्या थाटानें तो अधिकच पेटला. ५ सप्टेंबर रोजीं फुके यास कैद करण्यांत आलें, आणि १६८० सालीं तो तुरुंगांतच मरण पावला. त्याचीं नारिंगाचीं झाडें राजानें व्हर्साय येथें नेलीं. त्याचे तिन्ही कारागीरहि नेले. ज्या बागेनें ल नोत्र यास वर आणलें, तिनेंच तिच्या मालकास बुडविण्यास हातभार लावला. ही हकीकत वाचतांना कारागिराच्या यशाचा आनंद आम्हांस निर्भेळ कधींच वाटला नाहीं.

व्हर्साय हें तेव्हां शिकारीचें ठिकाण. आसपास दलदल. तेथें ल नोत्र यानें पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें घातलीं. १६६८ ते १६७९ या अवधींत खणलेला मोठा कालवा सुमारें १६७० मीटर लांब आहे. एवढी माती मजुरांनीं टोपल्यांनीं व हातगाड्यांनीं वाहिली, सैनिकहि जुंपले गेले. मादाम द सेव्हिन्ये या प्रसिद्ध पत्रलेखिकेनें १६७८ सालच्या एका पत्रांत, व्हर्सायहून रात्रीं मेलेल्या मजुरांच्या गाड्या भरून नेल्या जातात, असें लिहून ठेवलें आहे. बागेचें वर्णन करणाऱ्या पुस्तकांत हा मजकूर क्वचितच येतो. आम्हांस तो गाळावासा वाटला नाहीं.

याच वर्षांत इतर कामेंहि चालू होतीं. सें-जेर्मेंची सुमारें २४०० मीटर लांबीची गच्ची, शांतिई येथें सेनापति कोंदे याची बाग, सो येथें मंत्री कोल्बेर याची बाग, आणि लंडनजवळच्या ग्रिनिच उद्यानासाठीं १६६२ सालीं काढलेला नकाशा. त्विलरीच्या बागेपुढें त्यानें जी सरळ वृक्षवीथी आंखली, तीच पुढें शांझेलिझे या नांवानें जगप्रसिद्ध झाली. इकडे रायगडावर १६७४ सालीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. तिकडे दुसऱ्याच वर्षीं या माळ्यास सरदारकी मिळाली. सांगतात कीं, मानचिन्हांत काय काढावें असा विचार निघाला तेव्हां, आपलें चिन्ह ठरलेलेंच आहे, तीन गोगलगायी आणि वर कोबीचा गड्डा, असें त्यानें राजास सांगितलें.

आतां त्या थट्टेकडे येतों. सें-सिमों या सरदारानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, ताटव्यांची नक्षी ही केवळ दायांच्या उपयोगाची, असें ल नोत्र म्हणत असे. मूल सोडून ज्यांस खालीं उतरतां येत नाहीं, त्यांनीं वरच्या मजल्याच्या खिडकींतून डोळ्यांनींच तेथें फिरावें! आणि तरीहि या कामांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, हेंहि सें-सिमों यानेंच नमूद केलें आहे. ल नोत्र याचें मन दूरच्या क्षितिजाकडे ओढ घेई. व्हर्सायमधील त्याची सर्वांत नांवाजलेली हिरवळ घ्या. हिरवा गालिचा म्हणून ओळखली जाणारी ही पट्टी ३३५ मीटर लांब व ४० मीटर रुंद आहे, आणि तीवर एकहि वेलबुट्टी नाहीं. नजर तीवरून घसरत थेट कालव्यावर जाते. नक्षी नजरेस अडवून धरते, आणि त्यास नजर सोडावयाची होती.

त्याचा विचार आम्हांस समजतो. पण त्याची थट्टा आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. खिडकीपाशीं बसून राहणें ज्यांच्या नशिबीं आलें, त्यांत दाया असतात, आजारी माणसें असतात, म्हातारीं असतात. फिरतां येणाऱ्यास सारें रान मोकळें आहे. न फिरतां येणाऱ्यास खिडकीखालची वेलबुट्टी तेवढी मिळते. ज्या घरांत तीन पाळणे हललें आणि तिन्ही रिते झाले, त्या घरच्या पुरुषानें हे शब्द काढतांना दायांचीच आठवण करावी, हेंहि आम्हांस चटका लावून जातें.

स्वभावानें तो निष्कपट आणि मोकळा होता. दरबारांत चाळीस वर्षें काढूनहि त्यास शत्रु फारसा कोणी झाला नाहीं, हें त्या दरबाराची कीर्ति ज्यांस ठाऊक आहे त्यांस आश्चर्याचें वाटेल. १६७९ सालीं सहासष्टाव्या वर्षीं तो इटलीस गेला, तेव्हां पोप अकरावे इनोसंट यांची भेट झाली असतां हर्षभरानें त्यानें त्यांस मिठी मारली, अशी कथा आहे. दरबारांत कोणास हें खरें वाटेना. परंतु राजानें सांगितलें म्हणतात कीं, मी मोहिमेवरून परततों तेव्हां तो मलाहि मिठी मारतो, मग पोपांस कां मारणार नाहीं? चित्रें जमविण्याचा त्यास नाद होता. निकोला पुसें यानें १६५३ सालीं त्याच्यासाठीं काढलेलें, येशूपुढें आणलेल्या अपराधी स्त्रीचें चित्र, त्यानें १६९३ सालीं इतर अनेक चित्रांबरोबर राजास देऊन टाकलें. तें आज लूव्र संग्रहालयांत आहे. बागकामावर मात्र त्यानें एकहि ग्रंथ लिहिला नाहीं. त्याच्या पद्धतीचें पुस्तक त्याच्या मरणानंतर, १७०९ सालीं, देझालिए दार्जांव्हिल यानें छापलें.

१७०० सालच्या उन्हाळ्यांत राजानें आपल्या या सत्त्याऐंशी वर्षांच्या माळ्यास बागेंत फिरावयास नेलें. म्हातारपणामुळें चालवेना, म्हणून स्वतःच्या चाकांच्या खुर्चीशेजारीं दुसरी तशीच खुर्ची आणवून तींत त्यास बसविलें. त्या वेळीं ल नोत्र यास बापाची आठवण झाली. एक गरीब माळी राजाच्या बरोबरीनें खुर्चींतून फिरतो आहे, हें पाहावयास तो असता तर आपल्या सुखांत कांहीं उणें राहिलें नसतें, असें तो म्हणाला. यानंतर सुमारें महिन्यानें, १५ सप्टेंबर रोजीं, पॅरिस येथें त्याचा अंत झाला. सें-रोश येथील चर्चमध्यें त्यास पुरलें. क्वाझ्व्हो या शिल्पकारानें घडविलेला त्याचा अर्धपुतळा तेथें आहे.

नक्षीचें पुढें काय झालें? अठराव्या शतकांत रुचि पालटली आणि वळणावळणाच्या मोकळ्या कुरणांची तऱ्हा आली. ठिकठिकाणचे ताटवे मोडले. वो-ल-विकोंतची वेलबुट्टी १९२३ सालीं आशील द्युशेन यानें पुन्हां लावली. परंतु रोग व किडीनें बॉक्सचीं झुडपें खाल्लीं आणि २०१९ सालीं तीं उपटून टाकावीं लागलीं. त्या जागीं कांहीं काळ अॅल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्या मांडण्यांत आल्या. व्हर्सायमध्यें दक्षिणेकडील गच्चीखालीं, नारिंगाच्या कुंड्या हिवाळ्यांत ठेवण्यासाठीं १६८४ ते १६८६ या काळांत बांधलेल्या इमारतीपुढें, गवताची कापीव नक्षी मात्र पाहावयास मिळते. मधोमध वाटोळें तळें आणि भोंवतीं हिरवळीचीं वेटोळीं. दोहों बाजूंस शंभर शंभर पायऱ्यांचे जिने आहेत. पुष्कळ लोक ते उतरतात. ज्यांस तेवढ्या पायऱ्या जमत नाहींत, ते वरच्या कठड्यापाशीं उभे राहतात, आणि सारी नक्षी एका नजरेंत येथूनच दिसते.