अंध गणिती लिओनार्ड ऑयलर

वर्गसमीकरण सोडवितांना मुळाच्या चिन्हाखालीं ऋण संख्या आली, कीं 'मूळ नाहीं' असें लिहून आम्ही मोकळे होतों. हें लिहिणें अगदींच वावगें नव्हे. धन संख्येचा वर्ग धन व ऋण संख्येचाही वर्ग धनच. मग जिचा वर्ग उणे एक येईल अशी संख्या आणावी कोठून? आपल्या भास्कराचार्यांनींही बाराव्या शतकांत असाच निर्णय दिला होता. परंतु ह्या 'नसलेल्या' मुळांना गणितांत मानाचें स्थान मिळवून देण्यांत ज्याचा वाटा फार मोठा, त्या लिओनार्ड ऑयलरचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑयलरचा जन्म स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं १५ एप्रिल १७०७ रोजीं झाला. त्याचा बाप पाळक होता व मुलानेंही धर्मोपदेशक व्हावें अशी त्याची इच्छा होती. तेराव्या वर्षीं मुलगा विद्यापीठांत गेला. तेथील विख्यात गणिती योहान बर्नुली ह्यानें त्यास शिकवणी देण्याचें नाकारिलें. मात्र कठीण ग्रंथ स्वतः वाचावे आणि अडेल तें शनिवारीं दुपारीं येऊन विचारावें, अशी मुभा दिली. एक अडचण दूर झाली कीं दुसऱ्या दहा आपोआप सुटत, असा ऑयलरचा अनुभव होता. पुढें बर्नुलीनेंच बापाची समजूत घातली व मुलगा गणिताकडे वळला.

१७२७ सालीं तो रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमींत गेला. १७३८ च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षें त्यानें बर्लिन येथें काढिलीं.

त्या काळीं ऋण संख्यांचीं मुळें हें गणितज्ञांस एक कोडेंच होतें. १५४५ त इटलींतील कार्दानो ह्यानें तीं वापरिलीं, पण निरुपयोगी म्हणून बाजूस सारिलीं. मग १५७२ त बॉम्बेल्ली ह्यानें एक नवल दाखविलें. एका संख्येचा घन तिच्या १५ पटींहून ४ नें अधिक आहे, तर ती संख्या कोणती? उत्तर उघड ४ आहे. कारण ६४ म्हणजे ६० अधिक ४. परंतु सूत्रानें जावें तर वाटेंत √−१२१ लागतें! बॉम्बेल्लीनें न डगमगतां हिशेब पुढें चालविला. तेव्हां २ + √−१ व २ − √−१ ह्यांची बेरीज होऊन बरोबर ४ आले. असत्य भासणारी वाट सत्याप्रत पोंचली. १६३७ त देकार्तनें ह्या संख्यांस 'काल्पनिक' हें नांव दिलें.

ऑयलरनें ह्या संख्यांस कामाला लाविलें. १७४८ त प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें घातांक व त्रिकोणमिति ह्यांचा संबंध काल्पनिक संख्यांच्या योगें एका सूत्रांत जोडून दिला. ऋण संख्यांच्या लॉगरिदमविषयीं लायब्निट्स व बर्नुली ह्यांचा जुना वाद होता. तोही त्यानें मिटविला. त्यांत गुरूचें मत टिकत नव्हतें. म्हणून आदर राखूनही शिष्यानें तें सोडिलें.

१७६६ त तो पीटर्सबर्गला परतला आणि थोड्याच काळांत मोतीबिंदूनें डावा डोळाही निकामी झाला. १७७१ त शस्त्रक्रियेनें आलेली दृष्टि लवकरच पुन्हा गेली. त्याच वर्षीं घरास आग लागली. बाझलच्याच एका कारागिरानें त्यास खांद्यावर घेऊन बाहेर काढिलें. १७७३ त पत्नी वारली. तथापि काम थांबलें नाहीं. त्याच्या एकंदर लिखाणापैकीं सुमारें निम्में ह्या अंधारांतील आहे.

१७७० त जर्मन भाषेंत निघालेला त्याचा बीजगणिताचा ग्रंथ त्यानें शिंपीकाम शिकलेल्या एका नोकराकडून तोंडी सांगून लिहविला. ऋण संख्यांचीं मुळें शून्य नव्हेत, शून्याहून मोठीं नव्हेत, लहानही नव्हेत. म्हणून तीं केवळ मनांत आहेत, तरी त्यांचा हिशेब करतां येतो, असें त्यांत तो सांगतो. त्याच ग्रंथांत √−१ व √−४ ह्यांचा गुणाकार त्यानें २ असा दिला आहे! आजच्या रीतीनें तो −२ येतो. ह्यासाठीं सोपा उपाय त्याच्याच हातून मिळाला. १७७७ त त्यानें √−१ बद्दल 'आय' हें अक्षर योजिलें. तो लेख त्याच्या मरणानंतर, १७९४ त छापला गेला. √−४ ला प्रथम '२ आय' लिहावें आणि 'आय'चा वर्ग −१ धरावा, म्हणजे चूक होत नाहीं.

दररोज सायंकाळीं तो घरच्या मंडळींसह प्रार्थना करी. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं त्यानें नातवंडास धडा दिला, नव्या ग्रहाच्या कक्षेविषयीं स्नेह्यांशीं भाषण केलें, आणि त्याच दिवशीं त्याचा अंत झाला.

ह्या संख्यांचें चित्र त्यास लाभलें नाहीं. तें १७९७ त वेसेल नांवाच्या भूमापकानें मांडिलें : −१ नें गुणणें म्हणजे पाठ फिरविणें, आणि 'आय'नें गुणणें म्हणजे काटकोनांत वळणें. दोनदां काटकोनांत वळलें कीं पाठ फिरतेच! आज विजेच्या उलटसुलट प्रवाहाचें गणित ह्याच संख्यांनीं करितात.

जें दिसत नाहीं तें नाहींच, असें म्हणून ऑयलर थांबला नाहीं. आणि दृष्टि गेल्यावरही थांबला नाहीं. पुढील खेपेस 'मूळ नाहीं' असें लिहितांना आम्ही त्यापुढें 'वास्तव संख्यांत' हे दोन शब्द जोडूं, तर त्याच्या श्रमांचें थोडें चीज होईल.