बोरू तोच, धनी बदलला



आजचं वाचन भक्तविजयातलं, गोरोबाकाकांच्या कथेचं. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून फार लांब नाही. त्यामुळे ही कथा मला कधी पोथीतली वाटलीच नाही. तेरणेकाठचं ते देऊळ, चैत्रातली यात्रा, आणि आजीच्या तोंडून ऐकलेली चिखल तुडवण्याची गोष्ट, सगळं घरचंच. पण काल रात्री पोथी मिटताना एक विचार आला. गोरोबाकाका सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांची गोष्ट आजीपर्यंत ज्यांच्या पोथीतून आली, त्या माणसाबद्दल मला किती माहीत आहे? ते आधी काय करत होते?

तर ते नोकरी करत होते. आपल्यासारखीच. हिशोबाची, नोंदींची, वरून बोलावणं आलं की उठून जाण्याची.

महिपतीबुवा ताहाराबादकर. जन्म १७१५ चा. ताहाराबाद म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, राहुरी तालुक्यातलं गाव. वडील दादोपंत विठ्ठलभक्त, घरात पंढरीची ओढ आधीपासूनची. आणि घरात गावचं कुलकर्णीपण. आज कुलकर्णी म्हटलं की आपल्याला आडनाव आठवतं, पण तेव्हा ते काम होतं. गावात कोणाची जमीन किती, पीक काय, सारा किती आला, किती थकला, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात. पाटील गावाचा कारभार बघायचा आणि कुलकर्णी लिहायचा. बोरू, दौत आणि रुमालात बांधलेलं दप्तर. आजच्या भाषेत म्हणायचं तर गावाचा सगळा डेटा या एका माणसाच्या हाती.

म्हणजे पोटापाण्याची सोय होती, मान होता, पिढीजात हक्क होता. अशी गोष्ट कोणी सहज सोडत नाही.

मग काय झालं? परंपरेत सांगतात ते असं. एक दिवस महिपतीबुवा पूजेला बसले होते. जहागीरदाराकडचा शिपाई निरोप घेऊन आला, की कचेरीत काम आहे, लगेच चला. बुवा म्हणाले, पूजा आटोपली की येतो. शिपाई ऐकेना. उलट बोलला. बुवा उठले, कचेरीत गेले आणि जे काम होतं ते पूर्ण केलं. घरी परत आले, बोरू पांडुरंगापुढे ठेवला आणि ठरवलं की आता हा हात संतांच्या चरित्रांशिवाय दुसरं काही लिहिणार नाही.

मंडळी, या गोष्टीतला एक बारकावा मी कितीतरी वर्षं वगळून वाचत होतो. मला वाटायचं, बुवा रागाने तिथल्या तिथे नोकरीला लाथ मारून मोकळे झाले. तसं नाही. आधी काम पूर्ण केलं. कोणाचा हिशोब अर्धवट ठेवला नाही. आणि निर्णय कचेरीत भांडून घेतला नाही, घरी देवापुढे बसून घेतला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्यांनी बोरू फेकून दिला नाही. लिहिणं हेच त्यांना येत होतं आणि तेच ते पुढे करत राहिले. फक्त धनी बदलला.

आणि लिहिण्याची शिस्तही तीच राहिली असं मला वाटतं. भक्तविजयाच्या सुरुवातीलाच ते स्पष्ट करतात की या कथा आपण मनाने रचलेल्या नाहीत. उत्तरेकडच्या नाभाजींची भक्तमाला आणि माणदेशातले उद्धवचिद्घन यांच्या रचना, यांचा आधार ते नाव घेऊन सांगतात. ग्रंथाच्या शेवटी शक, संवत्सर आणि गाव नोंदवतात: शके १६८४, चित्रभानू संवत्सर, ताहाराबाद. हे वाचताना मला तर दप्तराला बसलेला कुलकर्णीच दिसतो. माहिती कुठून आली, कधी लिहिली, कुठे बसून लिहिली, सगळं जागेवर. आयुष्यभर गावचा हिशोब ठेवणाऱ्या हाताने आता संतांचा हिशोब मांडला.

शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२. तेव्हा बुवा ४७ वर्षांचे होते. आणि तो काळ कसा होता? पानिपत होऊन जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष झालेलं. किती घरातली माणसं परत आलेली नव्हती. अशा दिवसांत ताहाराबादला एक माणूस बसून ५७ अध्यायांचा ग्रंथ पूर्ण करत होता, ज्यात कुंभार आहे, शिंपी आहे, माळी आहे, न्हावी आहे, चोखोबा आहेत, जनाबाई आहे, कान्होपात्रा आहे. राजे-सरदारांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ होते. बुवांनी या माणसांची बखर लिहिली.

पुढे १७७४ मध्ये भक्तलीलामृत पूर्ण झालं, ५१ अध्यायांचं. तेव्हा वय ५९. तुकोबांना ते गुरुस्थानी मानत आणि तुकोबांच्या चरित्राचा मोठा भाग याच ग्रंथात आहे. त्यानंतर संतविजय हाती घेतला. तो मात्र अपुराच राहिला. १७९० मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी बुवा गेले.

अपुरा राहिला, हे वाचून मला आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ज्याच्यासाठी लिहायचं तो धनी डेडलाइन लावणारा नव्हता. शेवटपर्यंत हात चालत राहिला, एवढं पुरे.

अभ्यासक या चरित्रांकडे इतिहास म्हणून बघताना सावध असतात, तेही लक्षात ठेवावं. बुवा लिहीत होते तेव्हा गोरोबाकाकांना जाऊन साडेचारशे वर्षं होत आली होती. पण लोकांच्या तोंडी असलेलं त्यांनी एकत्र केलं, सोप्या ओवीत बसवलं आणि ते घराघरात पोचलं. पुढे जस्टिन अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले यांनी भक्तविजयाचं इंग्रजी भाषांतर केलं, १९३३ साली ते प्रसिद्ध झालं. ताहाराबादचा बोरू असा साता समुद्रापार गेला.

आता आपल्याकडे येऊ.

मी इंजिनीअर आहे, पुण्यात आयटीत. तिशी उलटून गेली. माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये राजीनाम्याचं एक पत्र गेले आठ महिने पडून आहे. हरिपाठाची वेळ झाली की नेमका कॉल लागतो, आणि दर वेळी मला तो शिपाई आठवतो. पूर्ण वेळ लिहावं, आमच्या भागातल्या संतांवर, गावोगाव फिरून काहीतरी नीट करावं, असं फार वाटतं. घरी घराचा हप्ता आहे, मुलीची शाळा आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं हेच चाललंय, मला माहीत आहे. कोणाला गायचं आहे, कोणाला कीर्तन शिकायचं आहे, कोणाला चित्रं काढायची आहेत.

म्हणून महिपतीबुवांची गोष्ट वाचली की मन लगेच म्हणतं, बघ, सोड. पण मग आजचीच कथा आडवी येते. गोरोबाकाकांनी चाक सोडलं नाही. ते शेवटपर्यंत कुंभारच राहिले. चिखल तुडवता तुडवता विठ्ठल, मडकी थापता थापता विठ्ठल. आणि त्यांचीच कथा लिहिण्यासाठी बुवांनी मात्र आपलं काम सोडलं. एकाने धंदा ठेवला, एकाने नोकरी सोडली, आणि दोघेही त्याच पोथीच्या निमित्ताने आपल्या घरात आहेत.

म्हणजे सोडणं हे काही मोठं पुण्य नाही, आणि धरून बसणं हा काही दोष नाही. बुवांनी स्वतःला जो प्रश्न विचारला असेल तो मला वाटतं असा: माझ्या हाताला जे येतं, ते मी कोणासाठी करतोय? गोरोबाकाकांचं उत्तर चाकावर बसूनच मिळालेलं होतं. बुवांना ते कचेरीत मिळेना, म्हणून ते उठले.

माझं उत्तर अजून पक्कं नाही. मडकं अजून कच्चंच आहे म्हणा. ड्राफ्ट मी काल पाठवला नाही आणि पुसलाही नाही. पण एक केलं. रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी अर्धा तास वही उघडायची, आणि त्या वेळात संतांबद्दल सोडून एक अक्षरही लिहायचं नाही. आधी एवढा अर्धा तास तरी धनी बदलून बघू. तो टिकला तर पुढचं बोलू.

आजचा संकल्प तुमच्यासाठीही हाच. तुमच्या हाताला जे येतं, त्यातला थोडा वेळ आज त्याच्या नावाने काढा. आणि हातातलं काम अर्धवट टाकून नाही, पूर्ण करून.

उद्या भक्तविजयातलाच पुढचा भाग.

राम कृष्ण हरी.